उलटा बसवलेला पाइप

म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने माझी खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि विचारलं, "चूल फुंकता?"

"मी शाळेत शिक्षिका आहे," मी म्हटलं.

"ते झालंच. पण चूल फुंकता की नाही?"

फुंकत होते. कोरगावात तेव्हा गॅस फार थोड्या घरांत पोचला होता. आमच्या घरात आईच्या हातची मातीची चूल होती, आणि आई गेल्यावर तिच्यापुढे बसायला मी एकटीच उरले होते. धूर वर जायचा, कौलांखाली घोटाळायचा आणि मग मिळेल त्या फटीतून बाहेर पडायचा. बाहेरून पाहिलं तर सगळं छप्परच वाफाळतंय असं वाटायचं, झाकण हललेल्या भाताच्या टोपासारखं. आत बसून मी सकाळ-संध्याकाळ रडून घ्यायची. रडायला दुसरं कारणही होतं, पण धुराचं कारण सोयीचं होतं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. विचारायला कुणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टरने थेंब लिहून दिले आणि धुरापासून लांब राहा म्हणून सांगितलं. एकट्या बाईने धुरापासून लांब राहायचं म्हणजे उपाशी राहायचं, हे त्याला कोण सांगणार? मी थेंब घेऊन परत आले.

खरं सांगायचं तर मला डोळ्यांची काळजी कमीच होती. मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. आपण या घरात मरून पडलो तर कुणाला कळणार नाही. मरणाचं मला तेवढं वाटत नव्हतं. आई माझ्यासमोर गेली, मरण काय असतं ते मी पाहिलं होतं. पण आईच्या तोंडात पाणी घालायला मी होते. शाळा चालू असली की निदान घंटेला मी दिसले नाही तर हेडमास्तर कुणाला तरी पाठवतील, असा भरवसा होता. मे महिन्याच्या सुट्टीत तोही नव्हता. दूधवाली पायरीवर दूध ठेवून हाक न मारता जायची. पोस्टमन यायचा, पण पत्र असलं तरच. आणि मला पत्र लिहिणारं जगात राहिलं होतं कोण?

आमचं घर वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला. मागे काजूचा डोंगर, पुढे शेत, आणि शेताच्या पलीकडे एकच घर, काकीचं. काकी म्हणजे नात्यातली नव्हे. ती आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन या वाड्यावर आल्या, तेवढंच नातं. पण माझ्या लहानपणी ज्या घरातली चूल आधी पेटेल तिथून दुसऱ्या घरात करवंटीतून इंगळ जायचे. शेताच्या बांधावरून करवंटी सांभाळत जाणं हे माझं काम. इंगळ विझू नयेत म्हणून मी चालता चालता फुंकत जायची. डोळ्यांचं दुखणं तिथूनच सुरू झालं असेल.

मग राजभाषेचा वाद आला. गोव्यात त्या वर्षांत मराठी की कोंकणी यावरून घराघरांत काय काय झालं, ते आता सांगितलं तर मुलं हसतात. मी मराठी शाळेतली बाई. मी मराठीसाठी सह्या गोळा करत वाड्यावाड्यांतून फिरले. काकीचा मुलगा डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत कामाला होता आणि कोंकणीच्या बाजूने सभा घेत होता. एका रविवारी तो आमच्या सोप्यावर येऊन मला म्हणाला, "बाई, तुमी घरात उलयतात कोंकणी आनी भायर मागतात मराठी."

मी म्हटलं, "आमी घरात उलयतांव ती मराठीच. तुका कळना जाल्यार शाळेंत येवन बस."

यावर तो जे बोलला आणि त्यावर मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून आई आतून आली, काकी शेत ओलांडून आली. आईने माझी बाजू घेतली, काकीने मुलाची. दोघींनी एकमेकींची उणीदुणी काढली, तीही लग्नाच्या वर्षापासूनची. शेवटी आई म्हणाली, माझ्या घराची पायरी चढू नको, आणि काकी म्हणाली, चढली तर नाव बदलीन. गंमत अशी की हे सगळं भांडण ज्या भाषेत झालं ती दोन्ही घरांची एकच होती. त्याच्या मते ती कोंकणी, माझ्या मते मराठीची बोली. शिव्यांच्या बाबतीत मात्र मतभेद नव्हता.

कायदा झाला, पुढे गोवा राज्यही झालं, शाळेत आम्ही मुलांना पेढे वाटले. बाहेरचा वाद हळूहळू निवला. आमचा निवला नाही. करवंटी बंद झाली आणि दोन्ही घरांत काड्यापेट्या आल्या. आई गेली त्या दिवशी काकी आली, आईच्या पायांशी बसून मोठ्याने रडली, आणि माझ्याकडे न बघता शेत ओलांडून परत गेली. दिवसवाराला, बाराव्या-तेराव्याला, आली नाही. मीही बोलावलं नाही.

आता पाइपाकडे येते. पेडण्याच्या कचेरीतून एक मुलगी शाळेत निर्धूर चूल दाखवायला आली होती. दोन तोंडांची चूल, मागे भोक, भोकातून वर पाइप, पाइपावर टोपी. धूर पाइपातून छपराबाहेर. तिने बायकांना जमवून हे सगळं इतक्या शुद्ध मराठीत सांगितलं की निम्म्या बायकांना कळलं नाही, पण माझं मन भरलं. सुट्टी लागल्यावर मी म्हापशाहून शिमिटाचे पाइप आणि पत्र्याची टोपी आणली. पाइपाच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक साधं होतं आणि दुसरं रुंद, पुढच्या तुकड्याला पोटात घेण्यासाठी.

बसवायला बोलावलं आमच्या नेहमीच्या माणसाला. तो सातार्ड्याच्या बाजूचा, दर वर्षी पावसाच्या आधी येऊन आमचे नळे परतून जायचा. नळे म्हणजे कौलं. छपराच्या कामात त्याचा हात धरणारा पेडण्यात कुणी नव्हता. पाइप मात्र त्याने जन्मात बसवला नव्हता, आणि तसं कबूल करणंही त्याच्या जन्मात नव्हतं.

त्याने तुकडे अंगणात आडवे मांडून पाहिले. रुंद तोंड वर ठेवायचं की खाली, असा प्रश्न निघाला.

"बाईनू, नळे कशे घालतत?" तो म्हणाला. "वरचो नळो खालच्यार चडता. म्हणान पाणी भायरच्या भायर जाता. ह्या पण तसाच. रुंद तोंड खाली."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्याला त्यामागचं शास्त्रही समजावून सांगितलं. पावसाचं पाणी वरच्या तुकड्यावरून घसरत खालच्या तुकड्यावर येईल, सांध्यात शिरणार नाही, वगैरे. तो मान हलवत राहिला. आमच्या भागात वर्षातले चार महिने माणूस एकाच गोष्टीचा विचार करतो, की पाणी आत कसं येणार नाही. उरलेले आठ महिने त्या चार महिन्यांची तयारी चालते. तेव्हा बसवणाऱ्याला आणि बसवून घेणारीला, दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही, याचं नवल नाही.

मागच्या, उगवतीच्या बाजूच्या उतारावर त्याने दोन कौलं काढली, आईच्या चुलीला मागून भोक पाडलं आणि तिथून पाइप वर नेला. पावसाचा वारा मावळतीकडून मारतो, तेव्हा पाइप आडोशाला बरा, असं त्याचं म्हणणं. त्याच कारणाने त्याने तो आढ्याच्या खालीच ठेवला, वर डोकावू दिला नाही. सांध्यांना शिमीट भरलं, कौलांच्या भोकाभोवती पत्रा बसवून डांबर लिंपलं. मी खालून एकेक वस्तू देत होते. काम संपल्यावर त्याने छपरावरून ओरडून सांगितलं, "आता मुंगी पण आत येवची नाय!" आणि हात धुऊन बस पकडायला गेला.

शिमीट सुकेपर्यंत मी मागच्या पडवीत तीन दगडांवर रांधलं, आणि मग एका दुपारी चूल पेटवली. आधी माडाची चुडतं, मग नारळाची सोडणं, मग काजूची फांदी. धूर भोकाकडे वळला आणि निघून गेला. मी चुलीपुढे बसून राहिले आणि माझे डोळे कोरडे होते. आईच्या चुलीपुढे कोरड्या डोळ्यांनी बसल्याची ती पहिलीच वेळ. पेज शिजताना दिसत होती. आईने वर टांगलेली सोलांची मडकी दिसत होती, वासे दिसत होते, वाशांवरची काजळी दिसत होती. त्या घरात किती थोडं सामान होतं, तेही त्या दिवशी दिसलं.

बाहेर कसं दिसतंय ते पाहायला मी अंगणात गेले. छपरातून धुराचा एक धागा निघत नव्हता. पाइप मागच्या उतारावर, आढ्याच्या आड, आणि त्यातला धूर वारा मागच्या डोंगराकडे नेत होता. पुढून काहीच दिसत नव्हतं. आत चूल ढणढणत होती आणि बाहेरून घर असं दिसत होतं की मालक कुलूप लावून मुंबईला गेलेत. मला एकदम कसंतरी झालं. मग स्वतःवरच चिडले. धूर नको म्हणून एवढा खटाटोप केला आणि आता धूर दिसत नाही म्हणून रडायचं! मी आत जाऊन पेज जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीमागच्या भिंतीवर एक काळा ओघळ दिसला. मी फडक्याने पुसला, तर तो पसरला. पुसलेल्या जागेवर दुसरा आला. वर पाहिलं, तर पाइपाच्या सांध्यातून काळं, चिकट पाणी पाझरत होतं. आभाळात ढग नव्हता, मिरगाला अजून अवकाश होता. मग हे पाणी कुठलं? मी सांध्याला चिंधी बांधली. संध्याकाळपर्यंत चिंधी काळी होऊन तीही गळायला लागली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी वाकून चुलीत लाकूड सारत होते, तेवढ्यात एक मोठा थेंब माझ्या कपाळावर पडला. मी हाताने पुसला. हात काळा, तोंडही काळं झालं असणार. दुसरा थेंब पेजेत पडला. मी तिथेच बसकण मारली आणि मोठ्याने, एकटीच, त्या सातार्ड्याच्या माणसाचा उद्धार करू लागले. शिक्षिकेला शोभणार नाहीत असे शब्द होते, आणि मराठीत त्यांना पर्यायी शब्द नाहीत.

तेवढ्यात पुढच्या दारावर कुणीतरी हात आपटले. "गो चेडवा! गो दार उगड!"

त्या वाड्यावर मला चेडू, म्हणजे पोरगी, म्हणणारी दोनच माणसं होती. एक गेली होती. मी उठून दार उघडलं. समोर काकी. पदर घसरलेला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे, श्वास लागलेला. तिने माझ्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचाळलीच.

"जिती आसस मगो तूं?"

"आसां," मी म्हटलं. "मरान कित्याक?"

ती पायरीवर मटकन बसली. मग जे बोलली, ते सगळं एका दमात. काजूचे दिवस, ती दिवसभर डोंगरावर काजूच्या दारूच्या भट्टीपाशी असते, म्हणून आमच्या घरी काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं. काल सकाळी आमच्या छपरावर धूर दिसला नाही, तेव्हा तिला वाटलं, सुट्टी आहे, गेली असेल कुठे. पण काल तिन्हीसांजेला आमच्या खिडकीत दिवा दिसला. म्हणजे मी घरात होते. आणि आज सकाळी पुन्हा धूर नाही. दिवा आहे, पण धूर नाही.

"म्हटलां, चेडू पडलां खंय तरी," ती म्हणाली. "भट्टी तशीच सोडून आयलां."

मी दाराची चौकट धरून उभी होते. एवढे महिने मी त्या घरात रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडत होते, की कुणाला कधी कळेल. हेडमास्तर, पोस्टमन, दूधवाली. त्या हिशेबात मी शेतापलीकडच्या घराला धरलंच नव्हतं. आणि ती बाई आई गेल्यापासून रोज संध्याकाळी माझा दिवा आणि रोज सकाळी माझा धूर बघत होती. माझ्याशी एक शब्दही न बोलता. मला रडू आलं, आणि या वेळी धुराचं नाव सांगायची सोय नव्हती.

"रडतस कित्याक? तोंड धू," काकी म्हणाली. "आनी हें कसलां काळां?"

मी तिला आत नेऊन पाइप दाखवला. कमरेवर हात ठेवून तिने तो खालून वर न्याहाळला, सांध्यातला थेंब बोटावर घेतला, हुंगला. आणि मग जी हसत सुटली ती थांबेना.

"अगो, हो उलटो घातला मगो! खंयच्या शाण्यान घातलो?"

मी तिला कौलांचं शास्त्र सांगितलं. पाऊस, वरचा खालच्यावर, सगळं.

"भायल्या पावसाचें काय सांगतस?" ती म्हणाली. "हांगा पावस आतसून पडता!"

मग तिने मला तिच्या भट्टीवरून समजावलं. काजूचा रस मडक्यात उकळतो, त्याची वाफ नळीतून जाते, आणि नळीत थंड होऊन तिचं पाणी होतं. ते पाणी खाली उतरतं, म्हणून खालच्या तुकड्याचं वरचं तोंड रुंद हवं, म्हणजे वरच्याचं टोक त्याच्या पोटात बसतं आणि थेंब बाहेर जात नाही. धुराचंही तसंच. ओल्या लाकडाची वाफ वर जाऊन गार होते आणि आतल्या आत काळं पाणी होऊन उतरते. तुकडे पालथे असल्यामुळे ते प्रत्येक सांध्यात बाहेरची वाट शोधत होतं. वाड्यावर सगळ्यांनी पावसाला छपराबाहेर ठेवायला शिकून घेतलं होतं. आतला पाऊस भट्टीवाल्यांनाच माहीत होता.

सातार्ड्याच्या माणसाला तिने निरोप धाडला, तोही अशा काही शब्दांत धाडला की तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. काकी त्या दिवशी भट्टीवर गेली नाही. ती चुलीशेजारी पाटावर बसली आणि त्याला खालून हुकूम सोडत राहिली. त्याने शिमीट फोडलं, तुकडे उतरवले, धुऊन पुन्हा चढवले, रुंद तोंडं वर करून. कौलांचं काही बोलायला त्याने तोंड उघडलं की ती म्हणायची, "तूं नळ्यांचो राजा, म्हायत आसा. आता गप रव."

सांध्यांना शिमीट तिने लावू दिलं नाही. शिमीट उन्हाने तापलं तर चालतं, चुलीने तापलं की तडकतं, असं तिचं म्हणणं. तिने डोंगरावरून रोयणीची, म्हणजे वारुळाची माती आणली होती. भट्टीच्या मडक्याचं तोंड त्याच मातीने बंद करतात. ती चाळली, राख मिसळली, पाणी घालून कणकेसारखी मळली. सुंभाचा एक वेढा सांध्यात दाबला आणि वरून माती लिंपली, अंगठ्याने फिरवत फिरवत. आईचा हात चुलीवर असाच फिरायचा. मी तसं बोलून दाखवलं. काकी नुसती अंगठा फिरवत राहिली.

वरचा शेवटचा तुकडा बसवून माणूस खाली उतरायला लागला, तेव्हा ती अंगणात गेली आणि पुढून छपराकडे पाहू लागली.

"हांगासून दिसना," ती ओरडली. "आनीक एक तुकडो घाल. आढ्याच्या वयर काड."

"वाऱ्यान मोडात," तो म्हणाला.

"मोडूं दी. तार बांद. खाली रवलो तर धुंवर ओडूचो ना."

पुढे मला कळलं की तिचं म्हणणं खरंच होतं. पाइप आढ्याच्या वर गेला की धूर नीट ओढला जातो, नाहीतर वारा त्याला परत आत ढकलतो. पण त्या दिवशी ती ज्या जागी उभी राहून बघत होती, ती जागा मी पाहिली होती. अंगणाचं टोक, जिथून तिच्या घराची वाट निघते. माणसाने एक तुकडा वाढवला, तारेने बांधला, टोपी बसवली. आम्ही चूल पेटवली. टोपीखालून धूर निघाला आणि आढ्याच्या वर उभा राहिला. काकीने तो शेताच्या बांधापर्यंत मागे मागे जात पाहिला, आणि तशीच घरी गेली.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, असं म्हणायला हवं. पण फार बोललो नाही. ती हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, बाटली आणून द्यायची, गुडघ्यांना चोळायला म्हणून, तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते. मी तिला डोळ्यांचे थेंब द्यायची. ते भांडण आम्ही दोघींनीही पुन्हा काढलं नाही. तिच्या मुलाचं नाव निघालं की ती विषय बदलायची, आणि मी बदलू द्यायची. तो सणासुदीला यायचा, शेतापलीकडे दिसायचा. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

मग खरोखरचे गुडघे तिचे गेले. मुलगा तिला डिचोलीला घेऊन गेला. जायच्या दिवशी ती मला म्हणाली, "आता तुजो धुंवर थंयसून दिसूचो ना." तिच्या घराला कुलूप लागलं. सकाळी मी चूल पेटवून अंगणात आले की समोरच्या छपरावर काहीच नसायचं. इतकी वर्षं मीही ते छप्पर बघत होते, हे मला तेव्हा समजलं. आई गेली तेव्हा घर रिकामं झालं होतं. आता समोरचं शेतसुद्धा रिकामं झालं. एकटेपणाला एवढी जागा लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

ती डिचोलीलाच वारली. मी पोचले तेव्हा बायका रडत होत्या. मी तिच्या पायांशी बसले, रडले, आणि तिच्या मुलाशी न बोलता बस पकडून परत आले. बसमध्ये लक्षात आलं की हे असंच पूर्वी कुणीतरी केलं होतं.

पुढे माझ्याकडेही गॅस आला. चहा, आमटी त्यावर होऊ लागली. सकाळची चूल मात्र मी बंद केली नाही. अंघोळीचं पाणी तापतं, पेज चुलीवरची बरी लागते, सुक्या चुडतांचं करायचं काय, अशी कारणं मी स्वतःला द्यायची. कारणं खरी होती. दर वर्षी पावसाआधी वारुळाची माती आणून सांधे पुन्हा लिंपायची. सातार्ड्याचा माणूस नळे परतायला यायचा आणि पाइपाकडे बघून म्हणायचा, "बरो बसलाहा मां?" जणू पहिल्यापासून त्यानेच तसा बसवला होता.

असाच एका वर्षीचा मे महिना होता. मला ताप आला. पहिला दिवस मी कशीबशी उठले, चूल पेटवली, पाणी तापवलं आणि परत पडले. दुसऱ्या सकाळी उठता आलं नाही. पडल्या पडल्या मी तोच जुना हिशेब मांडू लागले. शाळा बंद. पोस्टमन. दूधवाली तर केव्हाच गेली, आता पिशवी येते. समोरचं घर बंद. पाइप सरळ होता, सांधे घट्ट होते, आणि टोपीखालून काहीच निघत नव्हतं. चूल पेटली काय, न पेटली काय, बघणार कोण, असं मनात आलं आणि मी तोंडावर चादर ओढली.

ऊन चढल्यावर पुढच्या दारावर हात आपटल्याचा आवाज आला. भिंत धरत धरत मी दारापर्यंत गेले. काकीचा मुलगा उभा होता. केस पिकले होते, हातात आकडीची काठी, पायांना काजूच्या रसाचे डाग. काकीच्या झाडांचे काजू काढायला तो आदल्या संध्याकाळी आला होता, घरीच राहिला होता. आमच्या पायरीवर भांडणाच्या त्या रविवारनंतर त्याने पाय ठेवला नव्हता. आताही खालच्या पायरीवरच होता. त्याने आधी मान मागे टाकून आढ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

रात्री खिडकीत दिवा होता, मग आज चूल का पेटली नाही, असं त्याने विचारलं.

मी त्याला आत ये म्हटलं. तो आत आला, चुलीपुढे बसला आणि फुंकू लागला. त्याने मला कोंकणीत विचारलं होतं की मराठीत, ते मला आजही सांगता येणार नाही.